पावसाळा वगळून

आपल्याकडच्या पर्यावरणविषयक कागदपत्रांत एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो: 'पावसाळा वगळून एक हंगाम'. खाण काढायची असो, कारखाना उभारायचा असो, २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचं मूल्यांकन करावं लागतं. त्यासाठी त्या जागेची आजची स्थिती मोजायची असते. हवा कशी आहे, पाणी कसं आहे, माती, झाडं, प्राणी काय आहेत. धरणासारखे प्रकल्प सोडले तर बहुतेकांना एका हंगामाची मोजणी पुरते. आणि तो हंगाम पावसाळा सोडून कुठलाही चालतो.

यामागे अगदीच कारण नाही असं नाही. पावसात धूळ खाली बसते, त्यामुळे हवा उगाच स्वच्छ दिसते. हवेपुरतं हे ठीक आहे. पण तोच नियम डोंगरउतारावरच्या ओढ्याला, बेडकांना, मातीला लावला की काय होतं? लग्नाचा अल्बम करायचा, पण लग्नाचा दिवस वगळून. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तिथले बेडूक याच काळात ओरडतात, अंडी घालतात. माती याच काळात वाहून जाते आणि दरडी याच काळात कोसळतात. आणि आपण फेब्रुवारीत जाऊन कोरड्या ओढ्याचा फोटो काढतो, खाली लिहितो: 'जलचर आढळले नाहीत.'

हा लेख त्या एका नियमाबद्दल नाही. तो नियम उद्या बदलला तरी पावसाळा वगळण्याची आपली सवय बदलणार नाही. जे काम ओलं आहे, संथ आहे, रोज तेच तेच करावं लागतं आणि ज्याचं उद्घाटन करता येत नाही, ते आपण वगळतो. डोंगराची माहिती हवी, पण डोंगरात माणूस ठेवायला नको. आणि या टाळाटाळीला सगळ्यात चकचकीत सबब माझाच व्यवसाय पुरवतो, म्हणून मला हे लिहावंसं वाटतं.

काम काय असतं

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वय अठ्ठावीस, बी.ई. कॉम्प्युटर. मधली दीड वर्षं, म्हणजे दोन पावसाळे, नोकरी सोडून एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र-संशोधक म्हणून काम केलं. जागा भीमाशंकरच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत, घोड नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याचं पाणलोट. पाणलोट म्हणजे काय, हे पुस्तकी व्याख्येपेक्षा सोपं आहे. ज्या जमिनीवर पडलेला थेंब शेवटी याच ओढ्यात येणार, ती सगळी जमीन. वरचं जंगल, मधली हिरड्याची झाडं, भाताची खाचरं, वरई-नाचणीचे उतार, वाडी, देवराई. घोड पुढे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे माझ्या पट्टीवर मोजलेलं पाणी कागदोपत्री तरी बंगालच्या उपसागराला लागत होतं.

काम ऐकायला कंटाळवाणं आहे आणि करायलाही. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा, कारण आपल्याकडे पावसाचा 'दिवस' साडेआठ ते साडेआठ असतो. ओढ्यातल्या पट्टीवर पाण्याची पातळी बघायची. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे, गढूळपणा आणि क्षारांचं प्रमाण मोजायचं. महिन्यातून एकदा खुणा केलेल्या झाडांपाशी जाऊन पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची. पावसाळ्यात रात्री ठरलेल्या वाटेने चालत बेडूक मोजायचे, पायात जळवांसाठीचे मोजे आणि तरीही जळवा. परत येऊन सगळं वहीत, वहीतून एक्सेलमध्ये.

यात शोध लागत नाही. कोणी ट्वीट करावं असं काही घडत नाही. माझे मित्र दर भेटीत एकच प्रश्न विचारायचे. अरे, हे सगळं ऑटोमेट नाही का करता येणार?

या प्रश्नाला उत्तर देणं माझं काम आहे, कारण ऑटोमेट करणं हेच माझं पोट आहे.

ढगांच्या वर बसलेला डोळा

पहिलं उत्तर असतं उपग्रह. सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. चित्रं फुकट मिळतात. उत्तम गोष्ट आहे, मी स्वतः ती वापरतो. फक्त एकच अडचण: तो प्रकाशाने बघतो आणि जुलैत सह्याद्रीवर ढग असतात. अख्ख्या हंगामात एखादं स्वच्छ चित्र मिळालं तर नशीब. म्हणजे आकाशातला डोळासुद्धा पावसाळा वगळूनच बघतो. रडार असलेले उपग्रह ढगांतून पाहू शकतात, पण झाडाखालच्या ओढ्यात खेकडे आहेत की नाहीत हे तेही सांगत नाहीत.

पाऊस मोजणारी उपग्रहांची माहितीही आहे. तिचा एक चौकोन साधारण अकरा किलोमीटरचा. आता घाटमाथा आठवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. अशा उतारावर अकरा किलोमीटरची सरासरी म्हणजे चुलीचं आणि फ्रीजचं तापमान मिळवून भागिले दोन करणं.

आणि 'जंगल' म्हणजे काय? भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७पासून दर दोन वर्षांनी देशातल्या वनाच्छादनाचा अहवाल काढते. त्यातली व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा जास्त जमीन, तिच्यावर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के किंवा जास्त, मग मालकी कुणाची का असेना आणि झाडं कुठली का असेनात. म्हणजे काजूची बाग, रबराची लागवड आणि शेकडो वर्षं जपलेली देवराई या तिन्हींना हिरवा रंग एकच. देवराई तोडून काजू लावला तर काही वर्षांत नकाशा पुन्हा हिरवा. कोणी खोटं बोललेलं नसतं. व्याख्येत बसतं एवढंच.

हे वाचून कोणाला वाटेल की माणूस तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे. मी नाही. विरोध आहे तो 'उपग्रह आहे ना, मग तिकडे जायचं कशाला' या वाक्याला. उपग्रहाच्या चित्रात कुठला ठिपका काजूचा आणि कुठला देवराईचा हे ठरवायला कोणीतरी पायी जाऊन बघितलेलं असावं लागतं. मशीन लर्निंग करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. लेबल कुठून येतं? लेबल चिखलातून येतं.

लॉगर खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो

दुसरं उत्तर असतं सेन्सर. ओढ्यात लॉगर बसवा, सिम कार्ड टाका, डॅशबोर्ड करा, घरी बसून बघा.

आमच्याकडे लॉगर होता. तो काय सांगतो ते नीट समजून घ्या. तो पाण्याची उंची सांगतो. किती पाणी वाहिलं हे सांगत नाही. उंचीवरून प्रवाह काढायला एक वक्र लागतो: पाणी इतकं उंच असताना सेकंदाला इतके लिटर वाहतात. तो वक्र तयार करायला कोणीतरी वेगवेगळ्या पातळ्यांना, आणि विशेषतः पुरात, ओढ्यापाशी उभं राहून प्रत्यक्ष वेग मोजावा लागतो. मोठा पूर आला की तळाचे धोंडे हलतात, पात्राचा आकार बदलतो आणि वक्र बिघडतो. मग पुन्हा मोजा. लॉगर मात्र आकडे पाठवत राहतो. डॅशबोर्डवर रेघ छान दिसते. ती चुकीची आहे हे फक्त ओढ्यापाशी गेलेल्या माणसाला कळतं.

पर्जन्यमापकाचंही तेच. स्वयंचलित यंत्रात सी-सॉसारख्या दोन वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते, प्रत्येक कलंडण्याची एक नोंद. पाऊस फार जोराचा असला की वाटी कलंडत असतानाही पाणी पडत राहतं आणि मोजणी कमी येते. म्हणजे ज्या पावसाने दरड कोसळते, नेमक्या त्याच पावसाला यंत्र कमी लेखतं. शिवाय नरसाळ्यात पानं अडकतात, कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बेडकांचे आवाज टिपायला लावलेल्या रेकॉर्डरवर जुलैच्या रात्री एकच प्राणी ऐकू येतो, पाऊस.

आमच्या व्यवसायात एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. सर्व्हर विकत घेणं स्वस्त, तो चालू ठेवणं महाग. म्हणून तर रात्री दोन वाजता उठून सर्व्हर बघणारे लोक आपण पगारावर ठेवतो. त्यांना ऑन-कॉलचा भत्ता देतो, त्यांच्यासाठी सुट्ट्यांची पाळी लावतो. पेमेंटचं ॲप दहा मिनिटं बंद पडलं तर त्याच्या कारणांचा अहवाल लिहिला जातो, बैठक होते. तेच आपण डोंगरात यंत्र बसवताना विसरतो. खरेदीला पैसे असतात, फीत कापायला पाहुणे असतात, दोन वर्षांनी बॅटरी बदलायला कोणीही नसतं. महाराष्ट्रात महसूल मंडळाला एक या हिशेबाने दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पीकविम्याचा हिशेब त्यांच्या आकड्यांवर होतो. सपाटीवरच्या मंडळाला एक केंद्र कदाचित पुरेल. पण ज्या मंडळाचं एक टोक घाटमाथ्यावर आणि दुसरं धरणाच्या पोटात, तिथे एक केंद्र कोणाचा पाऊस सांगणार?

कारवीला प्रकल्पाचा कालावधी कळत नाही

आता वेळेचा मुद्दा. आपल्याकडचे बहुतेक संशोधन प्रकल्प साधारण तीन वर्षांचे. पहिल्या वर्षी परवानग्या आणि खरेदी, दुसऱ्या वर्षी मोजणी, तिसऱ्या वर्षी अहवाल. आणि कारवी? ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. कारवीच्या एका आयुष्यात दोन प्रकल्प येऊन जातात आणि दोघांनाही ती फुललेली न दिसण्याची शक्यता बरीच.

जगात याचं उलट उदाहरण आहे आणि ते इंजिनियरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला हवं. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं एक प्रायोगिक जंगल आहे. १९५५ साली ते तिथल्या वनखात्याने सुरू केलं. १९६३पासून जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या छोट्या छोट्या पाणलोटांत एक साधं काम चालू केलं. आत येणारं पावसाचं पाणी तपासायचं, बाहेर जाणारं ओढ्याचं पाणी तपासायचं. दर आठवड्याला. पाणलोट म्हणजे त्यांच्या लेखी डोंगराचं पासबुक होतं, जमा किती आणि खर्च किती.

पावसाचे अगदी सुरुवातीचे नमुनेच आम्लयुक्त निघाले. शुद्ध पावसाच्या कितीतरी पट. पण एका नमुन्यावरून कोणी कारखान्यांच्या धुराड्यांना जबाबदार धरत नाही. मोजणी चालूच राहिली. १९७२मध्ये आम्लवर्षेबद्दलचा त्यांचा लेख आला. पुढे वीजकंपन्या, राजकारणी, शास्त्रज्ञ यांची वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि १९९०मध्ये अमेरिकेने हवेच्या कायद्यात सुधारणा करून गंधकाच्या धुराला वेसण घातली. इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची यशोगाथा झाली असती. मोजणारे थांबले नाहीत. १९९६मध्ये त्यांनी दाखवलं की पाऊस सुधारतोय, तरी जंगल सावरत नाहीये, कारण आम्लाने मातीतलं कॅल्शियम आधीच धुऊन नेलं आहे. हे तीस वर्षांच्या नोंदीशिवाय दिसलंच नसतं. आजही तिथे नमुने घेणं चालू आहे.

दुसरं उदाहरण चार्ल्स कीलिंगचं. १९५८ साली त्याने हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. हवामानबदलाचा तो प्रसिद्ध चढता आलेख सगळ्यांनी पाहिला आहे. त्या आलेखात १९६४ साली काही महिन्यांची मोकळी जागा आहे. यंत्र नादुरुस्त नव्हतं, पैसे थांबले होते. ती जागा आता कोणीही, कितीही पैसे ओतून, भरू शकत नाही. कोडमधली चूक पुढच्या रिलीजमध्ये सुधारता येते. १२ जुलैचा न मोजलेला पाऊस १३ जुलैला मोजता येत नाही.

आपल्याकडे अशी मोकळी जागा म्हणजे अपवाद नाही. जवळजवळ सगळा आलेखच मोकळा आहे, आणि मधेमधे तीन तीन वर्षांचे ठिपके.

मोजतो कोण

आणि ठिपके काढणाऱ्यांचं काय?

आपल्याकडे संशोधनाची एक उतरंड आहे. वर प्रमुख संशोधक, त्यांच्याखाली पीएचडी करणारे, मग प्रकल्पापुरते नेमलेले माझ्यासारखे, आणि सगळ्यात खाली 'क्षेत्र सहायक', म्हणजे गावातला माणूस. नेट उत्तीर्ण कनिष्ठ संशोधकाला २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये ठरले आहेत. पुण्यात नुकत्याच पास झालेल्या बऱ्या कोडरला हा आकडा ओळखीचा वाटेल, फक्त तो पुढच्या वर्षी वाढतो आणि यांचा वाढायला सरकारी आदेशाची वाट बघावी लागते, तोही हप्ता अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा. उतरंडीच्या तळाशी रोजंदारी. अपघात विमा, पाऊस-भत्ता, नोकरीची हमी यांतलं काहीही नाही.

आमच्यासोबत काम करणारे मामा पन्नाशीचे, महादेव कोळी समाजाचे. जन्म त्याच वाडीत. ओढ्याला पाणी चढलं की आवाजावरून सांगायचे, "आता जाऊ नका भाऊ, वर धोंडे हालतेत." कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, हिरडा कुठल्या उताराला आधी मोहरतो, हे त्यांना तोंडपाठ. मी दीड वर्षात निघून आलो. माझ्याआधी दोघं आले आणि गेले होते. सलग राहिले ते मामा. पर्जन्यमापकाच्या वहीत सगळ्यात जास्त पानं त्यांच्या अक्षरातली आहेत. प्रकल्प संपला तेव्हा सर्वांत आधी बंद झाली ती त्यांची रोजंदारी. शोधनिबंधात शेवटी आभार असतात: 'स्थानिक सहायकांचे आभार.' अनेकवचनी आणि बिननावी.

याला भावनिक मुद्दा समजू नका. हा माहितीच्या दर्जाचा मुद्दा आहे. दर वर्षी माणूस बदलला की मोजायची पद्धत बदलते. कोणी पट्टी पाण्याच्या वरच्या कडेला वाचतो, कोणी खालच्या. कोणी संध्याकाळी सातला बेडूक मोजायला निघतो, कोणी नऊला. पाच वर्षांनी आलेखात जो बदल दिसतो तो ओढ्यातला की माणसांतला, हे मग देवालाही सांगता येत नाही.

'पण' म्हणणारे

यावर दोन बाजूंनी 'पण' येतात.

एक 'पण' असा: आपला देश गरीब आहे, आधी रस्ते-धरणं होऊ देत, बेडूक नंतर मोजू. उत्तर असं की धरण बांधणाऱ्यालाच ही मोजणी सगळ्यात आधी लागते. धरणात दर वर्षी किती गाळ येतो हे वरच्या ओढ्यातल्या गढूळपणावर ठरतं, आणि वर्षभराचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या तासांत वाहून येतो. ते तास वगळून धरणाचं आयुष्य काढणं म्हणजे पगाराचे दिवस तेवढे बघून महिन्याचा खर्च ठरवणं. आणि पैशांचंच म्हणाल तर एका पाणलोटावर दोन स्थानिक माणसं कायमच्या पगारावर ठेवायचा खर्च कुठल्याही 'स्मार्ट' डॅशबोर्डच्या निविदेपुढे किरकोळ आहे.

दुसरा 'पण' आपल्या बाजूच्या लोकांकडून येतो आणि तो जास्त गोड असल्याने जास्त घातक आहे. गावकऱ्यांना सगळं माहीत असतं, मोजायचं कशाला? माहीत असतं, नक्कीच. पण मामांना पाण्यातलं नायट्रेट दिसत नाही, तसं मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि मामांच्या पन्नासेक पावसाळ्यांपैकी जे त्यांच्या डोक्यात आहेत ते त्यांच्यासोबत जाणार. खरा आदर असेल तर त्यांच्या माहितीला वही द्या, पगार द्या, नाव द्या. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया गावोगाव फिरून नोंदवल्या. तिथल्या लोकांना त्या माहीतच होत्या. नोंद झाली म्हणून पुढे त्यांच्या बाजूने बोलता आलं.

नागरिक विज्ञानाचंही असंच. पक्षीनिरीक्षकांनी हौसेने केलेल्या कोट्यवधी नोंदींवर २०२३चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. ही मोठी गोष्ट आहे. पण हौशी माणूस रविवारी जातो, उन्हात जातो, जिथे गाडी जाते तिथे जातो. मंगळवारी, धो धो पावसात, बिनरस्त्याच्या ओढ्यावर जायला पगारी माणूसच लागतो.

यादीत नसलेली वाडी

हे सगळं कशासाठी, असं विचाराल तर चार नावं पुरेत. माळीण, जुलै २०१४. तळीये, जुलै २०२१. इर्शाळवाडी, जुलै २०२३. आणि केरळात वायनाड, जुलै २०२४. चारही पश्चिम घाटातली, चारही त्याच वगळलेल्या हंगामातली.

माळीण आमच्या घोडच्याच खोऱ्यातलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला बातमी कशी कळली? नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. उपग्रहांच्या आणि स्मार्टफोनच्या काळात त्या सकाळी त्या डोंगरावरचा आपला सेन्सर म्हणजे एक एसटी ड्रायव्हर होता. इर्शाळवाडीनंतर सरकारनेच सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी कशावरून केली जाते? जुन्या नोंदींवरून. जिथे कोणी नोंदच ठेवली नाही, तो डोंगर कागदावर सुरक्षितच असतो.

नियमित मोजणी असती तर ही माणसं वाचली असती, असा दावा मी करत नाही. पण दरडीचा इशारा द्यायचा तर 'या उतारावर इतक्या तासांत इतका पाऊस झाला की धोका' अशी मर्यादा ठरवावी लागते, आणि ती त्या त्या डोंगराच्या जुन्या पावसावरून आणि जुन्या दरडींवरून ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४मध्ये दरडींच्या पूर्वानुमानासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू केलं आणि दार्जिलिंग, कालिम्पाँग, निलगिरी या जिल्ह्यांसाठी पत्रकं द्यायला सुरुवात केली. चांगली सुरुवात आहे. पण प्रत्येक नव्या जिल्ह्यासाठी तोच प्रश्न येणार: त्या उतारावरचा पाऊस कोणी मोजून ठेवला आहे का?

या काळात आपण काय केलं? टक्केवारीवर भांडलो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा. तो लोकांसमोर यायलाच माहिती अधिकाराची लढाई लागली. मग २०१३मध्ये कस्तुरीरंगन गटाने घाटाचा ३७ टक्के, म्हणजे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर भाग संवेदनशील ठरवला. तेव्हापासून अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघत आहेत. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ला, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. विरोधकांना आपलं गाव यादीतून काढायचं आहे, समर्थकांना घालायचं आहे. दोन्ही बाजूंकडे त्या गावच्या ओढ्याची दहा वर्षांची वही नाही. वही असती तर भांडण निदान ओढ्याबद्दल झालं असतं.

मागणी

माझ्या मागण्या अगदी गावठी आहेत.

घाटातल्या प्रत्येक मोठ्या धरणाच्या वर, निदान एका छोट्या पाणलोटावर, कायमची मोजणी हवी. प्रकल्प म्हणून नको, वीजबिलासारखी, कधीही न संपणारी. तिथे स्थानिक माणूस कायम पगारावर हवा, विम्यासह, आणि त्याने मोजलेल्या आकड्यांपुढे त्याचं नाव हवं. कच्चे आकडे सगळ्यांसाठी खुले हवेत, पीडीएफमध्ये पुरलेले नकोत. यंत्राच्या किमतीइतकेच पैसे त्याच्या देखभालीला बाजूला काढल्याशिवाय एकही यंत्र विकत घेऊ नये. आणि डोंगरातल्या कुठल्याही प्रकल्पाचं मूल्यांकन पावसाळ्यासकट व्हावं.

माझ्या व्यवसायबंधूंनो, तुमच्यासाठीही काम आहे. नेटवर्क नसताना चालणारं, ओल्या बोटांनी वापरता येणारं, मराठीतून नोंदी घेणारं साधं ॲप करा. मोजणी दोन माणसांत फरकाची आली तर ते लपवण्याऐवजी दाखवणारं सॉफ्टवेअर लिहा. पुढच्या हॅकेथॉनला 'एआय-आधारित पाणलोट व्यवस्थापन' अशी पहिली स्लाइड करण्याआधी एवढंच विचारा: यातला पहिला आकडा कोण आणणार आहे, तो किती वाजता उठतो, आणि त्याला पगार कोण देतं?

तुम्ही हे ज्या शहरात बसून वाचताय त्याचं पाणी बहुधा अशाच कुठल्यातरी डोंगरातून येतं. पुण्याचं पानशेत-वरसगावातून, पिंपरी-चिंचवडचं पवनेतून. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की आपण धरण किती टक्के भरलं आहे हे फोनवर बघतो. धरणाच्या वर काय चाललं आहे, हे दाखवणारं पान त्या फोनमध्ये नाही. ते पान आधी कोणाच्यातरी वहीत, भिजलेल्या पेनाने, सकाळी साडेआठ वाजता लिहिलं जावं लागतं. भर जुलैतसुद्धा.